शेपटाकडचं पाणी

कोबीचे गड्डे मुठीएवढे झाले आणि तिथंच अडले. थोरली रोज सकाळी वाफ्यात उकिडवी बसायची, पानं उलटून बघायची, नखानं माती खरवडायची. वरचा पापुद्रा निघायचा, खाली नुसता भुगा. पानांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. दोन्ही हातांनी गड्डा धरला की आतून पोकळ लागायचा.

पाणी नव्हतं असं नाही. धरणात होतं, कालव्यातही होतं. कालव्यातून एक चारी निघायची, ती आधी वरच्या आळीच्या शेतांतून जायची, मग खालच्या आळीच्या. थोरलीचा मळा खालच्या आळीत, अगदी शेपटाकडं. पाण्याची पाळी सुटली की वरच्या आळीत पाणी खळखळायचं, मधे गाळात आणि पाणगवतात मुरायचं, आणि शेपटाकडं यायची ती फक्त बातमी. कितीतरी वर्षांत चारी कुणी उपसली नव्हती. कालव्याच्या कचेरीतला साहेब म्हणाला, "तुमचा नंबर लागला की माणसं पाठवू." नंबर कधी लागणार, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"या पाळीला पाणी आलं नाही तर मी शहरात जातो," थोरलीचा नवरा जेवता जेवता म्हणाला. "गोदामात माल उचलायला माणसं लागतात. धाकट्यालाही घेऊन जातो."

सासऱ्यांनी घास तसाच हातात धरला. "आणि मळा?"

"मळ्याला कुलूप लागत नाही, म्हणून बरं आहे."

थोरलीनं वाढण्याचं भांडं उगाच पुसलं. नवरा बोलण्यात कधी पाणी घालत नसे. म्हणाला म्हणजे जाणार.

धाकटी भिंतीशी बसली होती. धाकट्या दिराची बायको. घरात येऊन तिला वर्ष झालं असेल. कॉलेजात जाऊन कलाशाखेची पदवी घेऊन आलेली. घरात तिच्या पदवीला कुणी नावं ठेवत नव्हतं, पण तिचं काय करायचं हेही कुणाला उमगलं नव्हतं. आल्या आल्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "कलाशाखेत नेमकं करतात काय?"

"वाचतात, मामंजी. आणि वाद घालतात."

"मग ते आमच्याकडं फुकटात शिकता आलं असतं," सासरे म्हणाले होते, आणि सगळ्यात मोठ्यानं धाकटीच हसली होती.

कॉलेजात ती नाटकात होती असंही कळलं होतं. थोरलीनं एकदा भांडी घासताना हळूच विचारलं, "काय व्हायचीस गं तू? राणी?"

"कुणीच नाही, ताई. मी पडद्यामागं असायचे. कुणाला काय हवं नको बघायचे."

थोरलीला हायसं वाटलं होतं आणि थोडा हिरमोडही झाला होता.

दुसऱ्या दिवशी दूध घालायच्या खोलीत दोन्ही आळ्यांची बैठक बसली. खोली अरुंद, दुधाच्या कॅनांचा आंबूस वास, बायका दाराशी. कचेरीवर मोर्चा न्यायचा की अर्ज करायचा यावर घोळ चालला होता. एक गृहस्थ कशावरही ओरडत असायचे. त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. ते दोन्हीच्या बाजूनं ओरडत होते. आणि एकदम धाकटी उभी राहिली.

"पाळीला अजून थोडे दिवस आहेत," ती म्हणाली. "आपणच चारी उपसली तर?"

ती चांगलं बोलली. एकत्र येणं म्हणजे काय, सगळ्यांचं पाणी म्हणजे काय, मुद्देसूद बोलली. पण थोरलीला पुढं बसलेल्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि त्या पाठी हसायला लागल्या होत्या.

"तालीम कधीपासून ठेवायची?" कुणीतरी विचारलं.

वरच्या आळीचा गोठेवाला खुर्चीत मागं रेलला. त्याच्याकडं खूप गायी होत्या, आणि त्याच्या गोठ्याची मागची भिंत चारीतच उतरली होती. खाली पाणी जायला त्यानं मनगटाएवढा पाइप ठेवला होता, आणि गोठ्याची घाणही त्यातूनच सोडायचा. "शेपटाकडच्यांनी शेपूट साफ करावं," तो म्हणाला. "आमच्याकडं पाणी येतंय."

हसण्याची लाट आली. धाकटी खाली बसली. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी येताना दोघे भाऊ पुढं चालत होते, मान खाली घालून.

"कशाला उठलीस?" थोरली म्हणाली. "घरात पुरुषमाणसं होती ना बोलायला?"

"चुकलंच, ताई."

थोरली वादाला तयार होती. हे ऐकून तिची पंचाईत झाली.

"मी भाषण केलं," धाकटी म्हणाली. "भाषणानं कुणी येत नाही, हे मला माहीत होतं. तरी केलं."

संध्याकाळी कडबा कापताना ती आपणहून सांगू लागली. कॉलेजच्या नाटकमंडळात त्यांच्या एक मॅडम होत्या. तालमीच्या आधी सगळ्यांना रंगमंच झाडायला लावायच्या. नायकालाही. आणि कुणाला नुसतं 'ये' म्हणून बोलवायच्या नाहीत. 'तू नसलास तर दिवा कोण फिरवणार?' असं विचारायच्या. माणूस दिव्यासाठी यायचा आणि नाटकासाठी राहायचा.

"मग एवढं सगळं येत होतं तर नाटकातच का नाही राहिलीस?"

धाकटीनं विळा बाजूला ठेवला. "आम्ही गावोगाव नाटकं करायचो, ताई. एका गावात दारूवरचं नाटक केलं. लोक रडले, टाळ्या वाजवल्या. आम्ही पडदे गुंडाळत होतो, तर एक बाई आली. तिच्या गालावर वळ होता. म्हणाली, 'बघितलं. आता पुढं काय करू?' आमच्यातल्या एकालाही काही सांगता आलं नाही. ट्रक लागला होता. आम्ही निघून आलो." तिनं हातावरचा कडब्याचा भुसा झटकला. "त्या दिवसापासून मला टाळ्या नको वाटतात. जिथून निघून जायचं नाही अशा ठिकाणी काहीतरी करावं असं वाटायला लागलं."

थोरलीनं तिच्याकडं बघितलं. मग पेंढी पुढं सरकवली आणि म्हणाली, "बोटं सांभाळ. उद्या कुणाकडं जायचं ते सांग. एकटी फिरलीस तर लोक बोलतील."

दोघी आधी एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडं गेल्या. कालव्याचं पाणी वाटण्याचं काम त्यानं उभा जन्म केलं होतं, आता उन्हात खाटेवर पडून असायचा. धाकटीनं त्याला चारी उपसायला चला असं म्हटलंच नाही. ती म्हणाली, "बाबा, गाळ आम्ही काढू, पण ढाळ कुठं किती ठेवायचा ते कोण बघणार? चुकलं तर पाणी उलटं फिरेल." म्हातारा उठून बसला. चपला शोधू लागला. सून आतून म्हणाली, "आज नाही हो, उद्यापासून," तरी तो शोधतच राहिला.

पायानं अधू असलेल्या शिंप्याला तिनं गाळ वाहायला जुन्या पोत्यांच्या झोळ्या शिवायला सांगितल्या. भोंग्याच्या दारात गेली तेव्हा थोरलीनं तिला मागं ओढलं. "याला कशाला? हा नुसता ओरडतो."

"सकाळी सगळ्यांना उठवायला कुणीतरी हवंच ना," धाकटी म्हणाली.

मळ्याच्या पलीकडं, चारीच्या अगदी टोकाला, एकट्या म्हातारीचा तुकडा होता. पडीकच. चार मिरच्यांची रोपं ती हंड्यानं पाणी घालून जगवायची. "चारीला पाणी आलेलं मला तरी आठवत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही खणायला जाल तेव्हा लेकरं माझ्याकडं सोडा. तेवढं होईल."

पहिल्या सकाळी भोंग्यानं दोन्ही आळ्या दणाणून सोडल्या, पण माणसं आली ती बोटांवर मोजण्याइतकी. दोघी जावा, दोघे भाऊ, पाटकरी, भोंगा, खालच्या आळीचा एक बहिरा शेतकरी, आणि शिंपी आपल्या झोळ्या घेऊन. सासरे काठावर उभे राहून 'मी फक्त बघायला आलोय' म्हणाले.

थोरलीचा नवरा आपल्या बांधाकडं निघाला तर धाकटी म्हणाली, "दादा, आपण वरून सुरू करू. कालव्यापासून."

"वरून? त्यांच्या शेतातला गाळ आपण उपसायचा?"

"हो. आणि तो त्यांच्याच शेतात टाकायचा. खत आहे ते."

त्यानं बायकोकडं बघितलं. थोरलीनं घमेलं उचललं आणि ती वरच्या आळीची वाट चालू लागली. तिला स्वतःलाही पटलं नव्हतं. पण बैठकीत खाली बसताना धाकटीचा चेहरा कसा झाला होता ते तिनं पाहिलं होतं.

गाळ म्हणजे काय हे पोटऱ्यांना कळलं. वरून वाळलेला, आत लोण्यासारखा. फावडं मारलं की चिकटून बसायचं, उपसताना कमरेतून कळ यायची. पाणगवताच्या मुळ्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की विळ्यानं कापून पुन्हा हातानं ओढाव्या लागायच्या. पात्यांनी बोटांना बारीक चिरा पडायच्या, त्यात चिखल जाऊन झोंबायचं. भरलेलं घमेलं हातोहात काठावर जायचं. पाटकरी पुढं पुढं चालत काठी टेकवायचा. "इथं बोटभर खाली. पुरे. अजून खणलंस तर विहीर होईल."

धाकटीला फावडं धरता येत नव्हतं. दुपारपर्यंत तिच्या तळव्याला फोड आले, संध्याकाळी ते फुटले. थोरलीनं चिंध्या बांधून दिल्या. पण कुणाची पाठ भरून आलीय, कुणाला सावलीत पाठवायला हवं, कोण कुणाशेजारी उभं राहिलं तर भांडण होईल, हे तिला न बघता कळायचं. तीनदा जागा बदलून तिनं भोंग्याला त्या बहिऱ्या शेतकऱ्याशेजारी उभं केलं. दोघंही खूश होते.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीचा एक शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला. आपल्याच शेतात पडणारा काळाभोर गाळ बघत राहिला. मग काही न बोलता चपला काढून उतरला. त्याच्या मागून त्याचे भाऊबंद आले. ट्रॅक्टरवाला आला. सासऱ्यांनी बघता बघता कधी टिकाव हातात घेतला ते त्यांनाही कळलं नसावं. कमरेला उपरणं बांधून ते तरण्या पोरांना म्हणत होते, "असा नाही, असा मारायचा." रोज माणसं वाढत गेली.

आणि काम गोठ्यापाशी येऊन थडकलं.

थोरली भिंतीला लागूनच उपसत होती. आत गोठेवाला गोठा धूत होता. बादल्या रिकाम्या होत असल्याचा आवाज येत होता. एकाएकी पाइपातून शेणामुताचा लोंढा आला. थोरलीचा पाय सरकला. ती बसकण मारून पडली आणि गळ्यापर्यंत भरली. नाकात, तोंडात ती चव गेली. काठावर कुणीतरी खुदकन हसलं.

भिंतीवरून गोठेवाल्याचं डोकं दिसलं. "आमची धुण्याची वेळ हीच आहे," तो म्हणाला.

थोरली उठली. फावडं दोन्ही हातांत उभं धरून ती भिंतीकडं निघाली. धाकटीनं तिचं मनगट पकडलं.

"सोड."

"ताई."

"सोड म्हणते ना."

धाकटीनं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं त्याच घाणीत घमेलं बुडवलं, भरलं, आणि काठावरच्यांना विचारलं, "हे कुणाच्या शेतात टाकायचं? असं खत पुन्हा मिळणार नाही." आवाज अगदी सरळ होता. वरच्या आळीचा तो पहिला शेतकरी पुढं झाला. "माझ्या," तो म्हणाला. घमेली पुन्हा चालू लागली. हसणारा माणूस खाली मान घालून उतरला. पण मनगटावर तिची बोटं किती घट्ट रुतली होती, ते एकट्या थोरलीला कळत होतं.

विहिरीवर दोघी अंग धुवायला गेल्या. थोरलीनं डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि मागं वळली तर धाकटी झाडाच्या बुंध्याला धरून ओकत होती. ओकून झाल्यावर रडायला लागली. थोरलीनं तिची पाठ चोळली.

"मला वाटलं होतं तुला काही लागत नाही," थोरली म्हणाली.

"लागतं," धाकटी म्हणाली. "तुमची ती दशा माझ्यामुळं झाली."

"माझा पाय सरकला. तुझ्यामुळं काय." थोरलीनं तिच्या हातावर पाणी ओतलं. "आता भिंतीचं काय करायचं?"

"नाटकाच्या दिवशी आमचा एक नट रुसून घरी बसला होता. सगळे म्हणत होते, त्याच्या जागी दुसरा उभा करू. मॅडम म्हणाल्या, त्याची जागा तशीच ठेवा, आणि त्याला यायला एक कारण द्या. नुसतं माफी मागायला कुणी येत नाही." तिनं तोंड पुसलं. "पण या माणसाला काय कारण द्यावं ते मला सुचत नाही."

थोरली केस पिळत होती. ती थांबली. "मी खाली पडले ना, तेव्हा पाइपाच्या वरच्या फटीतून आत दिसलं," ती म्हणाली. "त्याच्या गायींचे खूर कुजलेत. भिंत चारीत आहे, सगळी ओल आत चढते. बाहेरच्या अंगाच्या दोन गायी पाय उचलून उभ्या होत्या. या पावसाळ्यात त्या बसतील आणि पुन्हा उठायच्या नाहीत."

धाकटी तिच्याकडं बघत राहिली. "हे तुम्ही सांगा त्यांना."

"मी? ज्यानं मला शेणात बुडवलं त्याला?"

"मला गायीतलं काय कळतं? मी सांगितलं तर पुन्हा भाषण होईल."

थोरली त्या दिवशी गेली नाही. घरी येऊन भाकऱ्या थापताना तिची एक करपली, तीही तिला दिसली नाही. सकाळी ती वेगळ्या वाटेनं निघाली आणि गोठेवाल्याच्या मागच्या दारात उभी राहिली. गोठेवाल्याची बायको दूध काढत होती. थोरलीला बघून तिचे हात थांबले. तिनं कालचं सगळं बघितलं होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"भांडायला नाही आले, वहिनी," थोरली म्हणाली. "तुमच्या कडेच्या गायीचा पाय बघायला आले."

ती गोठ्यात शिरली, गायीच्या पाठीवरून हात फिरवत खाली बसली आणि खूर उचलून धरला. बेचक्यातून घाण वास आला. पाठीमागं गोठेवाला येऊन उभा राहिला होता. ती वळली नाही.

"औषध लावून हे बरं व्हायचं नाही," ती खुराशीच बोलली. "खालची जमीन कोरडी पाहिजे. भिंत चारीतून काढून अलीकडं घ्या. आमचे हे भिंती चांगल्या रचतात. विटा याच वापरता येतील. माणसं बाहेर उभीच आहेत, तुम्हाला एकट्यानं काही करावं लागणार नाही."

तिनं खूर हळूच खाली ठेवला.

"मी किती दिवस सांगतेय, ओल येते म्हणून," बायको म्हणाली. तिनं दुधाची बादली बाजूला ठेवली, कोपऱ्यातलं घमेलं उचललं, आणि नवऱ्याला वळसा घालून बाहेर पडली. चारीत उतरली.

गोठेवाला भिंतीपाशी आला. बाहेर सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. भोंग्यानं तोंड उघडलं, धाकटीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, त्यानं मिटलं.

"गव्हाण मोडायची नाही," गोठेवाला म्हणाला. "आणि ऊन चढायच्या आत जनावरं सावलीत आली पाहिजेत."

"येतील," थोरलीचा नवरा म्हणाला आणि त्यानं पहार उचलली.

भिंत उतरवली, विटा साफ केल्या, अलीकडं नवी ओळ धरली. गोठेवाल्यानं कुणाची माफी मागितली नाही. पण विटा देताना तो थोरलीच्या नवऱ्याला "जपून, कोपऱ्याची धार लागेल" असं म्हणाला, आणि दुपारी सगळ्यांना पुरेल एवढं ताक त्याच्या घरातून आलं.

गोठ्याच्या पुढचं काम उताराला लागल्यासारखं झालं. आता दोन्ही आळ्यांची माणसं होती आणि खालच्या आळीच्या शेतात वरच्या आळीचे लोक गाळ उपसत होते. काठावर बसून भाकरी खाताना सासरे एकदा गोठेवाल्याला म्हणाले, "आमची धाकटी कलाशाखेची आहे."

"तिथं हे शिकवतात?" गोठेवाल्यानं विचारलं.

"झाडायला शिकवतात म्हणे. आधी झाडायचं," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात एक ऐट होती, जी थोरलीनं आजवर फक्त बैलांबद्दल बोलताना ऐकली होती.

पाळी सुटली त्या दिवशी ऊन चांगलंच चढलं होतं. पाणी माणसाच्या चालीनं आलं. पुढं फेस, काड्या, वाळलेली पानं ढकलत. दोन्ही काठांनी माणसं त्याच्याबरोबर चालत होती. पाटकरी सगळ्यांत पुढं, काठी उगारून, जणू तोच त्याला हाकत होता. कुणी ओरडत नव्हतं. भोंगासुद्धा नाही.

थोरली मळ्याच्या तोंडाशी उभी होती. पाणी वळणावरून दिसलं आणि तिनं पदर कमरेला खोचला. नवरा फावडं घेऊन बांध फोडायला वाकला. सकाळपासून त्यानं शहराचं नाव काढलं नव्हतं. गेले काही दिवस काढलंच नव्हतं.

"थांबा," थोरली म्हणाली.

"काय?"

"आधी शेवटपर्यंत जाऊ दे."

त्यानं कंबर सरळ केली. "शेवट आपलाच आहे."

"आपल्या पलीकडं म्हातारीचा तुकडा आहे."

"तिथं आहे काय? पडीक आहे ते. इथं कोबी जळतोय."

"एवढे दिवस जळला. आणखी थोडा जळेल."

त्यानं धाकटीकडं पाहिलं, हे तिनंच शिकवलं असणार अशा नजरेनं. पण धाकटी थोरलीकडंच बघत होती, तोंड थोडं उघडं ठेवून. हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. नवऱ्यानं एकवार वाफ्यांकडं पाहिलं, एकवार बायकोकडं. मग फावडं तिच्या हातात दिलं आणि बाजूला झाला.

पाणी त्यांच्या मळ्यावरून पुढं गेलं. थोरली त्याच्याबरोबर चालत गेली. म्हातारी दारात उभी होती, सगळ्यांची लेकरं तिच्या भोवती. पाणी तिच्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबलं, पसरलं, आणि पुढं कुठं जावं ते न कळून तिथंच फिरू लागलं. वाफा नव्हता, सरी नव्हती, कधी लागलीच नव्हती.

"आजी, कुठं लावू?" थोरलीनं विचारलं.

म्हातारी त्या पाण्याकडं बघत राहिली. तिला सांगता येईना. तिनं हात लांब करून एक जागा दाखवली, मग दुसरी, मग हात तसाच खाली सोडला.

थोरलीनं फावडं उचललं आणि पहिली सरी ओढली. माती कोरडी ठणठणीत, पातं खणखणत मागं आलं. तिनं पुन्हा मारलं. मागून चिखलात पावलं वाजली. धाकटी टिकाव घेऊन आली होती, तिच्या मागं गोठेवाल्याची बायको, आणि तिच्या मागं थोरलीचा नवरा, हात रिकामे असल्यामुळं काय करावं ते न सुचून, वाकून हातानंच ढेकळं फोडत.